रतनच्या अंगातला मारोती

रतन गंमत सांगायच्या आधीच हसायचा. "थांब कंडक्टर, तुले एक गंमत सांगतो," म्हणायचा आणि तिथेच सुटायचा. पोट धरून हसायचा, डोळे पुसायचा, "अरे आयक तर" म्हणून पुन्हा हसायचा. गंमत राहूनच जायची. शाळेपासूनची आमची दोस्ती, पण त्याच्या निम्म्या गमती मी अजून ऐकलेल्या नाहीत. नुसता त्याच्या हसण्याला हसलोय.

मी एस.टी.त कंडक्टर, मंगरूळपीर डेपोला. गाव आमचं अनसिंगच्या पलीकडे. नाव सांगत नाही, सांगून गावाची अब्रू काही वाढणार नाही. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती, आणि तिथे रतनचं अन् माझं घर पाठीला पाठ लावून. मधली भिंत एकच. त्यांच्याकडे ताट पडलं तर आमच्याकडे कळायचं. म्हणून मी सांगतो ते ऐकीव नाही, लक्षात ठेवा. गावात या गोष्टीचे दुसरेच पाठ चालतात, ते तुमच्या कानावर आले असतील तर सोडून द्या.

रतन गवंडी होता. बाप गवंडी, तोही गवंडी. बुटका, रुंद, हाताला सिमेंटची खरखर. चार बहिणींच्या पाठीवरचा, त्यामुळे घरात लाडका आणि बाहेर लाजरा. भिंत उभी करताना तो एक डोळा मिटून नुसता बघायचा आणि विटेवर वीट ठेवत जायचा. ओळंब्याची दोरी सोडायचा ती शेवटी, घरमालकाच्या समाधानासाठी. "पाह्य दादा, हाय का सूतभर इकडे तिकडे?" नसायचंच. बायकांसमोर मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही. लग्न ठरल्यावर सुजातावहिनींना बघायला गेला, तर तिथे त्यांच्या घराच्या कोनाड्याकडेच बघत बसला. परत येताना मी विचारलं, "मुलगी कशी वाटली रे?" तर म्हणतो, "कोनाडा लय वाकडा बसवला गड्या कोनंतरी." वहिनी हे अजून सांगतात. म्हणजे सांगायच्या.

कबड्डीत हाच माणूस डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि वेगळाच दिसायचा. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरचा गडी चढाईला आला की कोपऱ्यातल्यानं खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा. आता घोटा धरायचा म्हटल्यावर आपलं डोकं कुठे येणार? त्याच्या गुडघ्यापाशी. तो सुटायला पाय झाडणार. म्हणजे दर मॅचला दोन-चार गुडघे-टाचा कानशिलावर ठरलेल्याच. रतन त्याला 'लागलं' म्हणत नसे. "जरासं टेकलं," म्हणायचा. भुवई फाटली तरी टेकलं, दात हलला तरी टेकलं. स्वतः मात्र मॅचच्या दिवशी सकाळी दारात बसून ब्लेडनं नखं कापायचा आणि विटेच्या तुकड्यावर घासायचा. दुसऱ्याच्या पायाला ओरखडा कायले, म्हणे.

आणि पडलेल्या गड्याला उठवायची आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. तोंडावर पाणी, नाकाला फोडलेला कांदा, पाठीत एक थाप. "हाय का रे? हाय? चाल मंग." उठला की टाळ्या. न उठणारा पोरगा नाजूक. एवढंच आमचं वैद्यकशास्त्र.

सोयाबीन निघालं की हिवाळ्यात मारोतीच्या देवळामागच्या मैदानावर गावची स्पर्धा भरते. त्या वर्षीच्या फायनलला मी सुट्टी काढून गेलो होतो. दुपारची उन्हं, चुन्याच्या रेषा, भोंगा बोंबलतोय, लोक झाडावर चढलेले. आमचा संघ मागे. समोरचा एक लांब टांगांचा गडी चढाईला आला, रतन खाली झेपावला, आणि त्याचा गुडघा रतनच्या कानशिलावर बसला. नारळ दगडावर आपटावा तसा आवाज मला लाइनीबाहेर आला. रतन पालथा पडला तो हललाच नाही.

पाणी मारलं, कांदा लावला. थोड्या वेळानं उठला. पण डोळे त्याचे नव्हते हो. मी समोर उभा, "रतन, अबे रतन" करतोय आणि तो माझ्या आरपार बघतोय. झुलतोय. घशातून घुमल्यासारखा आवाज काढतोय. मग एकदम म्हणाला, "पानी भरलं का?" पुन्हा म्हणाला, "पानी भरलं का?" त्याला बाहेर काढायचं सोडून आमच्या कॅप्टननं, गजाननानं, त्याला धरून कोपऱ्यात उभं केलं. पुढची चढाई आली. रतननं गड्याचा घोटा धरला आणि त्याला फरफटत शेवटच्या रेषेपर्यंत नेलं. शिट्टी झाली तरी सोडेना. तीन जणांनी मिळून हात सोडवले.

तेवढ्यात देवळाचे म्हातारे पाटील खुर्चीतून उठले. "अरे मारोती हाये हा! वारं आलं पोराच्या अंगात!"

मग काय विचारता! भोंगेवाल्यानं तेच धरलं, बाया हात जोडायला लागल्या, कोणी पळत जाऊन शेंदूर आणला आणि रतनच्या कपाळाला फासला. रतननं पुढचे सगळे गडी तसेच ओढले. आपल्याला काय होतंय याची भीतीच उरली नसेल तर माणूस काय करणार नाही? आम्ही जिंकलो. आणि मॅच संपल्यावर पाटलांनी मैदानाच्या मध्ये, सगळ्या गावासमोर, वाकून रतनच्या पायावर डोकं ठेवलं.

माझ्या आज्याला त्याच देवळाच्या पारापुढून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. आज्यानं मला हे स्वतः सांगितलेलं. आणि तिथे मी उभा राहून पाटलांचं पांढरं डोकं आमच्या रतनच्या मातीनं भरलेल्या पायावर बघितलं. खोटं कशाला बोलू, मीही टाळ्या वाजवल्या.

गावात आठवडाभर एकच चर्चा. देवानं विचारलं, पानी भरलं का, म्हणजे काय? कोणी म्हणे पुढच्या साली दुष्काळ. कोणी म्हणे तलावाचं काम अर्धं टाकलं म्हणून देव रागावला. शेवटी देवळातले रांजण भरून मारोतीला पाण्यात चिंब केलं. मी वहिनींना विचारलं, तर त्या चुलीपाशी बसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "अहो भाऊजी, त्या दिवशी नळ दुपारी येनार होता. मी शेतात. हे म्हने, मी मॅचमधून येऊन भरतो पानी. तेच राह्यलं डोस्क्यात!" आम्ही तिघं पोटभर हसलो. सगळ्यात जास्त रतन हसला. त्याला दुपारच्या जेवणानंतरचं काहीच आठवत नव्हतं. "म्या काय काय केलं, सांग ना कंडक्टर. पुन्हा सांग."

हसले नाहीत ते फक्त तुळशीरामबाबा, रतनचे वडील. वस्तीत दर पौर्णिमेला विहारात वंदना तेच घ्यायचे. पांढरा सदरा, हातात काठी, बोलणं कमी. ते म्हणाले, "माह्या बापानं छपन साली घरातले सारे देव टोपल्यात घालून नदीत सोडले. मी लहान होतो, टोपल्याले हात लावून त्याच्या मांगं चाललो होतो. अन् आता माह्या पोराच्या अंगात मारोती? देव नाही तो बापू. गुडघा हाये. गुडघ्याचा मार हाये."

"जाऊ द्या ना बाबा," रतन म्हणाला, "लोकायले वाटते तर वाटू द्या."

इथून पुढे हसण्यासारखं काही नाही.

पुढच्या हंगामात लोक खेळ बघायला यायचे ते रतनला मार लागायची वाट बघत. देवाशपथ सांगतो, नारळ आधीच आणून ठेवलेले असायचे. गुडघा बसला की मैदान चिडीचूप, आणि रतन उठून झुलायला लागला की जयजयकार. कधी वारं यायचं, कधी नुसताच उठून बसायचा. आलं नाही तर लोक हिरमुसायचे. आणि हे फक्त मैदानावर राहिलं नाही. कोणाच्या घराचा पाया खणायचा, रतनला बोलवा. नवा ट्रॅक्टर आला, रतनच्या हातून नारळ. वरच्या आळीतल्या ज्या घरात बाबांना अंगणात बसवून वेगळ्या कपात चहा मिळायचा, त्या घरात रतनला पाट टाकून जेवायला वाढलं.

एकदा मी त्याला झाप झाप झापलं. म्हटलं, रतन्या, तुला कळतं का, ते तुला मानत नाहीत, तुझ्या टाळक्याला लागतं त्याला मानतात. तो म्हणाला, "ते मले समजते गड्या. म्या काही येडा नाही. पन त्या घरची म्हातारी मले ओवाळते. माह्या माईनं त्याच घरचं शेन काढलं जनमभर. तू सांग, कोन सोडीन हे?"



डोकं दुखायला लागलं तेव्हा त्यानं ऊन लागलं म्हणून सांगितलं. उन्हात डोळ्यांवर दुपट्टा ओढून बसायचा. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. ज्या माणसानं कुत्र्याला हाड् केलं नाही त्यानं भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर फेकलं. मधली भिंत एकच, मी सांगितलंच. त्यानंतर बराच वेळ त्याच्या रडण्याचा आवाज येत होता, वहिनींचा नाही. एकदा माझ्याच गाडीत बसला, धनजला कामावर निघाला होता. मी तिकीट दिलं. पुढच्या थांब्यावर मागे गेलो, तर हात पुढे करून म्हणतो, "धनज एक." मी म्हटलं, अबे तिकीट हातातच आहे तुझ्या. त्यानं हाताकडे बघितलं आणि हसला. नेहमीचं हसणं नव्हतं ते. चारचौघांत चड्डी सुटल्यावर माणूस हसतो तसं ओशाळं.

धनजलाच ते झालं. एका घराची भिंत त्यानं वाकडी उचलली. थोडीथोडकी नाही, डोळ्यांना दिसेल इतकी. घरमालक बोंबलायला लागला. बाबा त्या दिवशी मदतीला सोबत होते. त्यांनी काही न बोलता ओळंबा सोडला. दोरी एकीकडे आणि भिंत दुसरीकडे. रतननं एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं, आणि म्हणाला, "सरळच तर हाये, बाबा." बाबांनी ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला, रतनचा हात धरला आणि त्याच पावली वाशीमला डॉक्टरकडे नेलं. अंगावरचं सिमेंटसुद्धा धुतलं नाही.

डॉक्टर पोरगीच होती, तरणी, पण समजावून सांगणारी. निरोप मिळाला तसा मी पण डेपोतून तिथे पोचलो होतो. फोटो काढला मशीनमध्ये, फोटोत काही निघालं नाही. ती म्हणाली, "बाबा, मडक्यात दही लावलंय आणि मडकं गदगदा हलवलं. मडकं फुटलं नाही. पण दही आत फुटतंच ना? फोटोत मडकं दिसतं. याला सारखं लागत आलंय, आणि बरं व्हायच्या आत पुन्हा लागलंय. आता खेळ बंद. कायमचा. पुढचा मार हा शेवटचा असू शकतो." बाबांनी तिच्यासमोर हात जोडले. रतन खिडकीकडे पाठ करून बसला होता, उजेड सहन होत नव्हता म्हणून.

आमच्या गजाननानं या सगळ्यातलं एकच ऐकलं. "फोटो नॉर्मल आला ना? मंग? डॉक्टर लोक घाबरवतेच."

गजानन वाईट पोरगा नाही, हे मी रागात असूनही सांगतो. रतनच्या लग्नात मांडव त्यानं घातला होता. पण शेजारच्या गावच्या स्पर्धेत आमचा संघ फायनलला पोचला होता, आणि फायनल म्हटलं की आमच्या गावाची अक्कल गवत खायला जाते.

वहिनींनी रतनची खेळायची चड्डी-बनियन पेटीत घालून कुलूप लावलं. बाबा पाटलांकडे गेले. जन्मात त्या घरी काही मागायला न गेलेला माणूस हात जोडून उभा राहिला. "पाटील, माह्या पोराले खेळवू नका. त्याच्या जिवाले धोका हाये."

पाटील म्हणाले, "तो तुहा एकट्याचा पोरगा राह्यला कोठी, तुळशीराम? गावाचा हाये तो आता. देवाले आपन नाही म्हननारे कोन?"

"देव नाही, पाटील. गुडघा हाये."

"तुमच्या लोकायची श्रद्धा नाही, म्हनून तुले तसं दिसते," पाटील म्हणाले. आणि खरं सांगतो, ते प्रेमानंच म्हणाले, चहा पाजून म्हणाले. बाबा चहा न घेता परत आले.

रतननं वहिनींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की नुसता बाकावर बसेन. वहिनींचा विश्वास नव्हता. त्या, बाबा, मी, तिघंही गेलो. अर्धी मॅच तो खरंच बाकावर बसला, दुपट्ट्यात डोळे झाकून. आमचे गडी एकामागून एक बाद व्हायला लागले तसे लोक ओरडायला लागले. आधी दोघं-चौघं, मग सगळे. "मा-रो-ती! मा-रो-ती!" वहिनींनी त्याचा हात घट्ट धरला. त्यानं हळूच एकेक बोट सोडवलं, जसं झोपलेल्या लेकराच्या मुठीतून पदर सोडवतात तसं. "जरासं जाऊन येतो," म्हणाला.

पहिल्याच पकडीत गुडघा बसला. यावेळी वारं आलं नाही. तो उठून बसला आणि ओकला. शर्टावर ओकला, मातीत ओकला, आणि मान खाली घालून बसून राहिला. मी ओरडलो, बाहेर काढा त्याले. बाबा ओरडले. आमचं कोण ऐकतं! गजाननानं पंचाला खूण करून टाइम घेतला. आमचे गडी त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले, खांद्यावर हात टाकून, जसे खेळाडू उभे राहतात. आम्हाला वाटलं, पाणी पाजतायत.

मी गोलाच्या फटीतून बघितलं. गजाननानं रतनचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. तो डोळे मिटून पुटपुटत होता, "ये मारोतीराया, ये. गावाची लाज राख." आणि आपलं कपाळ त्यानं रतनच्या कपाळावर आपटलं. मग दुसऱ्यानं आपटलं. आणि मी जे पाहिलं ते कोणाला सांगू नये असं मला फार वाटतं, पण सांगतो. रतननं तिसऱ्यापुढे आपलं डोकं आपणहून वाकवलं.

गोल सुटला तेव्हा त्याचे डोळे फिरलेले होते. झुलत झुलत तो कोपऱ्यात गेला. मैदान दणाणलं.

बाबा आत शिरले. पायात चपला, हातात काठी, पंच्याहत्तरीचा म्हातारा मधली रेषा ओलांडून पोराला आणायला निघाला. पंचानं शिट्टी मारली. बाबा थांबले नाहीत. "बापू, चाल घरी," म्हणत ते कोपऱ्याकडे गेले.

रतननं रेषा ओलांडून येणारा माणूस बघितला. आपल्याकडे येणारे दोन पाय बघितले. आणि तो खाली झेपावला.

घोटा त्यानं असा धरला की बाबा सरळ कमरेवर आपटले. हाड मोडल्याचं त्यांनाही लगेच कळलं असेल. काही लोक टाळ्या वाजवून मोकळे झाले, कोण आहे ते बघायच्या आधीच. मी पळालो, वहिनी पळाल्या. त्याची बोटं सुटेनात. बाबा मातीत पडल्या पडल्या म्हणत होते, "बापू, मी हावो रे. सोड. मी हावो." रतन त्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि घशातून घुमत होता. मग म्हणाला, "पानी भरलं का?"

"भरलं बापू," बाबा म्हणाले. "सारं भरलं. सोड आता."

तेव्हा त्यानं सोडलं. आणि तिथेच बापाच्या पायावर आडवा झाला.

दोघांना एकाच गाडीत अकोल्याला नेलं. रतनच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. कवटी उघडावी लागली. तो जगला. जगला असं म्हणतात त्याला. वहिनी तिथल्या जिन्यावर बसून फक्त एवढंच म्हणायच्या, "हात सोडला म्या भाऊजी. काहून सोडला?" मी म्हणायचो, तुम्ही नाही सोडला, त्यानं सोडवला. त्याचा काही उपयोग नव्हता. गजानन तिसऱ्या दिवशी आला, दाराशी उभा राहून ढसाढसा रडला. "भाऊ, म्या काही दुश्मनीनं नाही केलं." मला त्याला मारावंसं वाटलं आणि मारवलंही नाही.

आणि गाव काय म्हणालं ऐका. गाव म्हणालं, म्हातारा चपला घालून देवाच्या खेळात शिरला. देव कोपला, म्हणून पोराचं असं झालं. नशीब म्हणा, म्हातारा वाचला! हे मी माझ्या गाडीत, माझ्या कानांनी, तिकिटं फाडता फाडता ऐकलं. एका बाईला तर मी गाडीतून उतरवणारच होतो. ड्रायव्हरनं आवरलं. उतरवून उतरवून किती जणांना उतरवणार, तो म्हणाला.

आता रतन धरून नेलं तर चालतो. भरवलं तर जेवतो. उजवा हात अर्धवट चालतो. वहिनींना 'माय' म्हणतो, मला काहीच म्हणत नाही. आपल्या लहानग्या लेकीला बघून कधी खूश होतो, कधी घाबरतो. लोक हसले की हसतो, लोकांनी टाळ्या वाजवल्या की टाळ्या वाजवतो. विहारात वंदना चालली असताना मध्येच वाजवतो, तर बाबा डोळे मिटूनच वंदना पुढे चालू ठेवतात.

या हिवाळ्यात गावच्या स्पर्धेत त्याचा सत्कार ठेवला. वहिनींनी दारातूनच नाही सांगितलं. पण गजानन गाडी घेऊन आला आणि मैदान हा शब्द उच्चारला, तसा रतन उठला आणि पायानं चप्पल शोधायला लागला. त्याला आवरणं कोणाच्यानं झालं नाही. वहिनी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाबा काठी टेकत, एक पाय ओढत, गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसले. सोबत छत्री घेतली. दुपारचं ऊन त्याच्या डोळ्यांना सोसत नाही म्हणून.

मी ड्यूटी संपवून गेलो तेव्हा तो मांडवापुढच्या खुर्चीत होता. गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ. मांडवाची सावली सरकून गेलेली, आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांनी छत्री त्याच्या तोंडावर धरून होते. मी धरतो म्हटलं, तर मानेनं नको म्हणाले.

मैदानात कोपऱ्यात एक नवीन गडी होता. आमच्याच वस्तीतला. तो घोट्याला झेपावला आणि गुडघा त्याच्या तोंडावर बसला. पालथा पडला. सगळं मैदान उभं राहिलं. पाणी घेऊन कोणी धावलं नाही. सगळे माना उंच करून त्या पोराच्या डोळ्यांकडे बघत होते. म्हातारे पाटील हात जोडून उभे होते. भोंगेवालासुद्धा गप्प होता.

पोरगा हातावर जोर देऊन अर्धवट उठला आणि झुलला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रतनही हसला आणि टाळ्या वाजवायला लागला, चांगला हात वाकड्या हातावर आपटून. बाबांनी छत्री टाकून दिली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. "नको बापू," म्हणाले. "नको ना रे." ऊन रतनच्या तोंडावर पडलं तसे त्यानं डोळे गच्च मिटले. पण बापाच्या मुठीत त्याचे हात वाजतच राहिले.